बशीतला रस

एकादशीच्या पहाटे खान्देशातल्या घरात गॅसवर पहिलं पातेलं चढतं ते चहाचं. भगर चालते की नाही, शेंगदाण्याच्या आमटीत कोथिंबीर पडली तर उपास मोडतो का, साध्या मिठाऐवजी सैंधवच हवं का, यावर सासू-सुनांच्या पिढ्या वाद घालत आल्या आहेत. चहाबद्दल मात्र कोणी वाद घालत नाही. निर्जळी करणारी एखादी आजी सोडली, तर उपासाला चहा चालतो. का चालतो, हे कोणी विचारत नाही.

विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची एक जुनी यादी धर्मशास्त्रात आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. चहा त्यात नाही, कारण यादी झाली तेव्हा इथे कोणी तो पीत नव्हतं. पुढे तो आला आणि पाणी व दूध यांच्या मधल्या फटीतून आत शिरला. कोणी हटकलंच तर डोकं दुखतंय असं सांगून औषधाच्या रांगेत उभं राहायची सोयही होती. अंघोळीआधी पारोशानं काही खाऊ नये म्हणतात, पण चहा घेतात. देवापुढे दूध-साखरेची वाटी ठेवतात, तीच दूध-साखर चहात पडली की सहसा नैवेद्य होत नाही. म्हणजे चहा देवाला नाही, पण देवपूजेच्या आधी आहे. तो अन्न नाही आणि नुसतं पाणीही नाही. शास्त्राला ठाऊक नसल्यामुळे त्याला जी मोकळीक मिळाली, ती भाताला किंवा कांद्याला कधीच मिळाली नाही.

एकदा मात्र त्याला धर्माच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांमध्ये न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरून बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. या साऱ्या वादात चहाच्या चवीबद्दल एक शब्द नाही. चहा कोणी केला, कोणी दिला, ओठाला लागला की नाही, एवढाच मुद्दा. पाप पानात नव्हतं आणि जिभेतही नव्हतं, ते देणाऱ्याच्या हातात आहे असं ठरवलं गेलं.

हा पेला पुढे खेडोपाडी पोचला. हॉटेलाबाहेर फळीवर किंवा खिळ्याला अडकवलेली वेगळी कपबशी ज्या अस्पृश्य ठरवलेल्यांसाठी होती, त्यांनी ती स्वतः विसळायची आणि चहा वरून ओतून घ्यायचा. ज्या चाळीसगावात २३ ऑक्टोबर १९२९ रोजी टांगेवाल्यांनी डॉ. आंबेडकरांना नेण्याचं नाकारलं, आणि टांगा हाकायची सवय नसलेल्याच्या हाती लगाम गेल्यामुळे त्यांना पुलावर अपघात होऊन जबर मार बसला, ते चाळीसगाव जळगाव जिल्ह्यातलंच. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. धुळे-नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातेत १९३४ साली आलेल्या एका चहाच्या पुड्यावर वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पिताना दाखवले, त्यामागेही हीच जखम होती. चहाचं धर्मकारण शंभर वर्षं कपाभोवती फिरत राहिलं. कपातल्या द्रवाकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

ज्यांनी पाहिलं, त्यांनी नाक मुरडलं. १९१५ साली अहमदाबादेजवळ सुरू केलेल्या सत्याग्रहाश्रमाच्या व्रतांत गांधीजींनी अस्वाद हे स्वतंत्र व्रत ठेवलं. अन्न औषधासारखं घ्यावं, शरीराला हवं तेवढं, जिभेला हवं म्हणून नाही, हे १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना पाठवलेल्या पत्रांत त्यांनी समजावून सांगितलं. पुढे आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना चहाचा समाचार वेगळा घेतला. त्यातली चहाच्या उगमाची गोष्ट मजेदार आहे. चीनमधलं पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगं नसे, म्हणून कोणा चतुर माणसानं असं पान शोधलं की जे पाणी खरोखर उकळल्यावरच सोनेरी रंग देतं. थोडक्यात, चहा हा पाण्याची परीक्षा घेणारा कागद. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यात चवीला जागाच नाही हे पाहण्यासारखं आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांनी ते सजवलं, नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी मुक्कामाला होते. यावल तालुक्यातल्या त्या गावाच्या पंचक्रोशीत केळी पिकते, कपाशी पिकते; चहाचं झुडूप त्या मातीत जगणार नाही. तरी आज फैजपूरच्या बाजारात चहा मिळत नाही असा कोपरा सापडणार नाही. अस्वादाचं व्रत हरलं असं कोणी म्हणेल. पण ते कशाविरुद्ध लढत होतं, हे आधी तपासायला हवं.

त्यासाठी धुळ्याच्या तुरुंगात जावं लागतं. १९३२ साली विनोबा तिथे कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायला सुरुवात केली आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेऊ लागले. दुसऱ्या अध्यायाची पाळी २८ फेब्रुवारीला आली. याच अध्यायात एक अडचणीचा श्लोक आहे. उपाशी राहिलेल्या माणसाचे विषय सुटतात, पण त्यांचा रस सुटत नाही, परतत्त्व दिसल्यावरच तोही मावळतो, असा त्याचा आशय. तुरुंग ही या श्लोकाची चांगली प्रयोगशाळा म्हणायची. तिथे विषय आपोआप सुटतात, सरकारच काढून घेतं. चार वाजले की जो चहा आठवतो, तो मात्र कोठडीत आत येतोच.

इथे शब्दाची एक गुंतागुंत आहे. गीतेच्या त्या श्लोकात रस हा उरलेला रोग आहे. तैत्तिरीय उपनिषदात ऋषी नेमका हाच शब्द उचलतो आणि ते परमतत्त्व म्हणजे रसच आहे, तो मिळाला की जीव आनंदी होतो, असं सांगतो. रोगाला आणि देवाला एकच नाव. जैन परंपरेत सहा बाह्य तपांपैकी एकाचं नावच रसपरित्याग आहे. जळगावात आणि धुळ्यात चैत्र-आश्विनात जैन घरांतून आयंबिलाची ओळी चालते. नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण आणि मसाला बंद, दिवसातून एकदा उकडलेलं बेचव अन्न. या हिशेबानं रोजच्या चहातली दूध-साखर आधी निघते. उरतं ते काळं पाणी, आणि गंमत अशी की चहाची जाण असलेले लोक ज्याला खरा चहा म्हणतात ते हेच. तपस्वी आणि शौकीन उलट्या दिशांनी चालत एकाच पातेल्यापाशी येऊन उभे राहतात.

मराठीत या दोन रसांना वेगळं करणारा साधा शब्द आहे, तलफ. तलफ लागते आणि चव लागते, क्रियापद एकच. पण तलफेला चवीशी देणंघेणं नसतं. जळगाव स्टेशनबाहेर मे महिन्यात, पारा ४५ वर असताना जो माणूस उकळता चहा दोन घोटांत संपवून रिक्षाकडे धावतो, त्याला चव विचारली तर तो चमकेल. गोड होता, गरम होता, एवढं सांगेल. त्यानं भोगलं काय? काहीच नाही, फक्त डोक्यातली ठणक थांबवली. गीतेतला उरणारा रस म्हणजे ही तलफ. धर्मानं पाठलाग केला तो तलफेचा, पण फिर्याद लिहिताना आरोपीच्या जागी चवीचं नाव पडलं. अस्वादाच्या व्रताशी भांडण असलंच तर ते एवढंच.

या घोटाळ्यावर विचार करायला खान्देशात हक्काची जागा होती. अमळनेरला गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडगिरणीच्या गावात वेदान्ताची संशोधन संस्था! (याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, ती पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या मातीला उत्पादनाचं वावडं नाही.) तरुण साने गुरुजी आधी या मंदिरात आले आणि मग प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. घ. रा. मलकानी यांनी इथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ चालवलं. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून अज्ञान या विषयावर १९३३ साली एक ग्रंथ काढला, आणि अज्ञान आहे की नाही यावर त्यात एकमेकांशी मतभेदही नोंदवले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक १९३० साली अमळनेरच्या या संस्थेनंच प्रसिद्ध केलं, आणि त्या दशकात काही काळ ते संस्थेचे संचालकही होते.

याच भट्टाचार्यांचा रसावर एक निबंध आहे. त्यात ते भावनेचे तीन मजले दाखवतात. मूल खेळण्यात रमलं आहे, हा पहिला. आजोबा त्या मुलाकडे कौतुकानं पाहत आहेत. त्यांना खेळण्याचा नाही, मुलाच्या आनंदाचा आनंद आहे, हा दुसरा. आणि तिसरा माणूस त्या आजोबांना पाहतो आहे. त्याला खेळणं नको, मूलही त्याचं नाही, तरी त्याच्या मनात काही उमलतं. रस तिथे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर वस्तूचा ताबा आहे, दुसऱ्यावर माणसाची माया, तिसऱ्यावर दोन्ही सैल झालेलं असतं.

भट्टाचार्यांना चहाचं विचारलं असतं तर त्यांनी तो पहिल्या मजल्यावर ठेवला असता, यात शंका नको. जिभेची चव आणि काव्याचा रस यांची गल्लत कोणताही रसशास्त्री करणार नाही. पण मग या शास्त्रानं आपला मुख्य शब्द स्वयंपाकघरातून का उचलला? भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय, असा प्रश्न येतो आणि उत्तर येतं ते जेवणाच्या ताटावरून. नाना व्यंजनं, औषधी आणि गूळ यांच्या संयोगानं जशी चव तयार होते, तसं नाटकात भावांचं होतं. पुढच्या आलंकारिकांनी आणखी नेमका दाखला शोधला, पानकरसाचा. गूळ, मिरी, वेलची, कापूर घालून केलेलं पेय. पिताना त्यात गूळ वेगळा लागत नाही, मिरी वेगळी लागत नाही. एक नवीच चव लागते, जी घटकांपैकी कोणाचीच नाही. रसाचा अनुभव असा.

पानकाच्या जागी आज चहा ठेवला तर दाखला तसूभर हलत नाही. पाश्चात्त्य बाजारात ज्याला सुगंधी काळा चहा म्हणतात, बर्गमॉट नावाच्या आंबट फळाच्या सालीचं तेल लावलेला अर्ल ग्रे किंवा पाइनच्या धुरावर वाळवलेला चिनी लापसांग, त्याचं इथलं भावंड घरोघरी आहे. आलं, वेलची, सुंठ, जायफळ, तुळशीची चार पानं, आणि परसातला गवती चहा. या शेवटच्याचं नावच पाहण्यासारखं आहे. ते गवत आहे, चहाच्या झुडपाशी त्याचं नातं नाही, तरी नाव मिळालं चहाचं. चव उसनी दिली म्हणून कुळात घेतलेला दत्तक मुलगाच तो. चांगल्या मसाला चहात आलं ओळखू येऊ नये, पण काढलं तर चुकावं. हे ज्या गृहिणीला जमतं, तिला नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय न वाचता कळलेला असतो.

दूध घालण्यालाही कारण आहे. आपल्याकडची बहुतेक पत्ती दाणेदार, यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात आलं. अशी पत्ती भराभर रंग सोडते आणि तितकाच तुरटपणाही. दुधातली प्रथिनं त्या तुरट द्रव्यांना धरतात आणि जीभ सुटते. म्हणून दुधाच्या चहाला अडाणी म्हणणारे नवे शौकीन जरा घाईत असतात.

पानकरसाच्या या सिद्धान्ताला एक आव्हान मात्र आहे, आणि ते चीनच्या फुजियान प्रांतातून येतं. उलॉंग चहात काहीच मिसळत नाहीत. झुडूप तेच, ज्यापासून हिरवा आणि काळा चहा होतो. पानं सुकत टाकायची, मग टोपल्यांत हलकेच हलवत राहायची, म्हणजे कडा दुखावतात आणि हवेशी संयोग होऊन लालसर होतात, मधलं पान हिरवंच राहतं. हवा तेवढा रंग चढला की तापल्या कढईत परतून ती क्रिया थांबवायची, वळायचं, वाळवायचं. कुठे थांबवायचं ही सारी कला. दहा टक्क्यांवर थांबवलं तर फुलांचा वास, सत्तर-ऐंशीवर नेलं तर भाजक्या फळाचा. आणि खरी गंमत कपात. लहान भांड्यात पाच ग्रॅम पानं, जेमतेम शंभर मिलिलिटर कडक पाणी, वीस-तीस सेकंदांत गाळून घ्यायचं. मग त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा, सहा-सात वेळा. पहिल्या पाण्याला सुगंध जास्त, अंग कमी. दुसऱ्या-तिसऱ्याला घट्टपणा आणि किंचित तुरटी. पाचव्याला तुरटी सरून मागे एक गोडी, घोट गिळल्यावर घशातून वर येणारी.

पानकात अनेकांचं एक होतं. इथे एकाचं अनेक होतं, तेही बाहेरून काही न घालता. वेदान्त्याला हे आवडेल आणि त्याची पंचाईतही होईल. पानाची खरी चव कोणती, पहिली की पाचवी? पान तेच आहे म्हणावं तर चव बदलली, चव म्हणजेच पान म्हणावं तर पान प्रत्येक पाण्याला मेलं. अशा जागी बौद्ध शांतपणे मान डोलावतील; क्षणाक्षणाला नवी गोष्ट, मागे कोणी मालक नाही, हे ते आधीपासून सांगत आले आहेत.

बौद्धांचा उल्लेख निव्वळ युक्तिवादासाठी नाही. उलॉंगांतला सगळ्यांत प्रसिद्ध चहा फुजियानमधल्या आन्शी परगण्याचा, नाव त्येगुआनयिन, म्हणजे लोखंडाची गुआनयिन. दंतकथा अशी सांगतात की, एका गरीब शेतकऱ्याच्या वाटेवर पडकं देऊळ होतं, आत करुणादेवीची लोखंडी मूर्ती. तो जाता-येता झाडलोट करी, उदबत्ती लावी. देवीनं स्वप्नात येऊन देवळामागची गुहा दाखवली, तिथे चहाचं एक रोप होतं. ही गुआनयिन म्हणजे अवलोकितेश्वर, भारतातून चीनला गेलेला बोधिसत्त्व, ज्याला तिथे काही शतकांनी स्त्रीरूप मिळालं. आणि अवलोकितेश्वराचं जगातलं बहुधा सर्वांत देखणं चित्र जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहे, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात. हातात कमळ, मान किंचित कललेली, पापण्या खाली. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण रेल्वेनं येणारा प्रवासी उतरतो तो जळगावलाच. फर्दापूरच्या फाट्यावर दुधाचा चहा घेताना आपण त्या चहाच्या देवीच्या माहेरी बसलो आहोत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पापण्यांची दुसरीही एक कथा आहे. बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू चीनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसला असताना त्याला डुलकी लागली. रागावून त्यानं पापण्याच कापून फेकल्या आणि त्यांतून चहाचं झुडूप उगवलं. ही उघडच तलफेच्या बाजूची कथा आहे. चहा झोप उडवतो म्हणून तो साधकाच्या कामाचा. श्रावणात कानबाईच्या जागरणाला खान्देशातल्या घरात रात्रभर चहा फिरतो, तो याच कामासाठी. गुआनयिनची कथा मात्र झाडलोटीची आहे. तिथे चहा कोणाला जागं ठेवत नाही. कोणी लक्ष दिलं म्हणून तो मिळतो.

खान्देशच्या शेतकऱ्याला यात आणखी एक नवल वाटेल. तैवानचा एक मधाच्या वासाचा उलॉंग तुडतुड्यांशिवाय होत नाही. हो, तेच तुडतुडे, जे कपाशीची पानं आकसवतात आणि ज्यांच्यावर फवारणी करता करता शेतकरी मेटाकुटीला येतो, त्यांचेच भाऊबंद. तिथे ते चहाच्या कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं सोडतं आणि तीच कपात मध होऊन उतरतात. दार्जिलिंगच्या उन्हाळी चहाला द्राक्षांसारखा वास येतो, त्यातही अशाच किडीचा हात. शिरपूरच्या शिवारात जो दोष, तो तिथे गुण. दुःखात काही अर्थ असतो असं यातून सिद्ध होत नाही, आणि कपाशी गेलेल्या माणसाला हा दाखला सांगायला जाऊही नये. चव म्हणजे झाडानं झेललेला मार आहे, एवढं मात्र जीवशास्त्र सांगतं.

माणसांनी झेललेला मारही कपात आहे. १९२१ च्या मे महिन्यात आसामच्या सुरमा खोऱ्यातल्या चारगोला भागातून हजारो चहामजूर गांधींचा जयजयकार करत मळे सोडून पायी निघाले. ज्याच्या नावानं ते निघाले, तो माणूस चहा पीत नव्हता. मजुरांचा हा मार गांधीजींच्या नकाराचं कारण म्हणून त्यांच्या आरोग्याच्या युक्तिवादापेक्षा वजनदार ठरतो.

मग चव असते तरी कुठे? नैयायिकांचं उत्तर ठाम आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रस हा जिभेनं कळणारा गुण, तो पृथ्वी आणि पाणी यांत राहतो. पृथ्वीत सहाही प्रकार, पाण्यात फक्त मधुर. पाण्याला दुसरी चव नाहीच. लागली तर ती त्यात मिसळलेल्या मातीची. हे ऐकून जळगावकर हसेल, कारण वाघूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं जड पाणी यांचा चहा डोळे मिटून ओळखता येतो. बोअरच्या पाण्याचा कोरा चहा गढूळ दिसतो, वर तवंग धरतो, वास दबतो. पण विचार केला तर नैयायिक जिंकतो. तवंग पाण्याचा नसतो, त्यात विरघळलेल्या दगडाचा असतो, म्हणजे पृथ्वीचाच. उलॉंगसारखा नाजूक चहा घरी करायचा तर पानांपेक्षा पाण्याची निवड आधी करावी, हा सल्ला तर्कसंग्रहातून काढता येतो.

तुरटपणावर मात्र जुनं आणि नवं शास्त्र भांडतं. आपण कषाय हा सहावा रस मानतो. आजचं शरीरशास्त्र म्हणतं, ती चव नव्हे, स्पर्श आहे. चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना बांधतात, तोंडाचा ओलसरपणा जातो आणि जीभ खरखरते. आणि चव म्हणून आपण जे जे वर्णन करतो, फूल, मध, भाजका दाणा, ते बरंचसं नाकाचं काम, घशाच्या मागच्या वाटेनं केलेलं. सर्दी झालेल्याला कोणताही चहा फक्त गरम लागतो.

गुवाहाटी-कोचीच्या लिलावांसाठी चहा चाखणाऱ्यांचा धंदा याच वाटेवर चालतो. शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं, असं आंतरराष्ट्रीय मोजमापच ठरलेलं आहे. चमच्यानं चहा जोरात आवाज करत ओढायचा, म्हणजे तो हवेत मिसळून तुषार होतो आणि वास नाकाच्या मागून वर चढतो. मग तोंडात फिरवायचा आणि थुंकून द्यायचा. दिवसात शेकडो कप, पण पोटात जवळजवळ काही नाही. अस्वादव्रत्यानं चव सोडून अन्न ठेवलं. हा माणूस अन्न सोडून चव ठेवतो. त्याला भोगी म्हणावं की संन्यासी, ते अमळनेरच्या तिघा पंडितांनाही एकमतानं सांगता आलं नसतं. अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली आहेत, त्यांतलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. निदान त्या विघ्नातून हा माणूस सुटलेला आहे. त्याला तलफ नाही, मालकी नाही, कप संपवायचा हट्टही नाही.

आणि तो जो आवाज करतो, तो खान्देशाला परका नाही. बशीत ओतलेला चहा दोन्ही हातांनी उचलून, फुंकर घालून, फुर्र करून ओढणारे आजोबा प्रत्येक गल्लीत होते. शिकलेल्या नातवंडांना लाज वाटायची, चारचौघांत असा आवाज करू नये म्हणून सुना हळूच सांगायच्या. आजोबांचं शास्त्र बरोबर होतं. पसरट बशीत चहा निवतो, हवेसकट ओढला की वास पुरता मिळतो. तलफवाला कधी बशी घेत नाही, त्याला वेळ नसतो. बशी ही मुळात थांबणाऱ्याची वस्तू.

अनेक गावांत मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. स्मशानातून माणसं परततात, कडुलिंबाचा पाला चावून ओट्यावर बसतात, आणि शेजारच्या घरातून मोठ्या पातेल्यात चहा येतो. बहुतेक वेळा कोराच. एवढं दूध ऐनवेळी कुठून आणणार. ज्या बाईनं तो केला, ती स्वतः घेत नाही. दाराशी उभी राहून कोणाला मिळाला नाही ते पाहते. चांगला झालाय असं त्या दिवशी कोणी म्हणत नाही, साखर कमी असली तरी मागत नाही. उलॉंगच्या भांड्यासारखा तोच चोथा दुसऱ्यांदा उकळला जातो, पाण्याचा रंग उतरतो, उशिरा पोचलेल्या पाहुण्यांना तो मिळतो. कोपऱ्यात बसलेला एखादा म्हातारा, ज्याचा सोबती गेलेला आहे, सवयीनं कप बशीत उलटा करतो, फुंकर घालतो आणि ओढतो. आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू जातो. कोणी वळून पाहत नाही.